दूध, माती आणि कणांची रस्सीखेच

दुधाचे पातेले गॅसवर चढवले, की घरोघरी एक छोटी परीक्षा सुरू होते. दूध नीट तापले तर त्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. फुटले तर मात्र सकाळचा चहा लांबतो आणि दूधवाल्याचा उद्धार होतो. शहरातील घरात हा प्रश्न एका पिशवीच्या किमतीपुरता असतो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर किंवा राहुरी तालुक्यातील संकलन केंद्रावर हीच परीक्षा रोज दोनदा होते. तेथे दूध नापास झाले, तर त्या वेळेचे सगळे कॅन माघारी जातात आणि गोठ्यावरचा चाऱ्या-पेंडीचा खर्च अंगावर पडतो.

याच जिल्ह्यात, त्याच शेतकऱ्याच्या कालव्याकाठच्या रानात आणखी एक परीक्षा चालू असते. पूर्वी उसाचे भरघोस पीक देणारी काळी जमीन हळूहळू घट्ट होते, तिच्यात पाणी मुरेनासे होते, वाफसा येईनासा होतो. अशा जमिनीला शेतकरी ‘चोपण’ म्हणतात. दूध फुटणे आणि जमीन चोपण होणे या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अतिसूक्ष्म कणांना एकमेकांकडे ओढणारे आणि एकमेकांपासून दूर लोटणारे बल यांच्यात सतत चाललेली ही रस्सीखेच आहे. दुधात तिचा तोल ढळला की कण एकत्र येतात आणि दूध फुटते. जमिनीत तो उलट्या बाजूला ढळला की कण विखुरतात आणि जमीन बिघडते.

मृदू पदार्थांचे जग

दूध, दही, रक्त, शाई, रंग, साबणाचा फेस, चिखल या पदार्थांना धड घन म्हणता येत नाही आणि धड द्रवही. त्यांच्यात एका माध्यमात, बहुधा पाण्यात, दुसऱ्या पदार्थाचे बारीक कण तरंगत असतात. हे कण रेणूंपेक्षा बरेच मोठे, पण साध्या डोळ्यांना न दिसण्याइतके लहान असतात. मराठीत अशा मिश्रणाला ‘कलिल’ म्हणतात. कलिले, बहुवारिके, द्रवस्फटिक अशा पदार्थांचा एकत्रित अभ्यास करणारी ‘मृदू पदार्थ’ ही पदार्थविज्ञानाची शाखा गेल्या काही दशकांत नावारूपाला आली. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांना १९९१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानालाही ‘मृदू पदार्थ’ हेच नाव दिले होते.

या पदार्थांना मृदू म्हणण्याचे कारण असे, की त्यांच्यातील कणांना जोडणारी बले फारशी मोठी नसतात. पाण्याचे रेणू आपल्या स्वाभाविक हालचालीत या कणांना सर्व बाजूंनी सतत धक्के देत असतात. त्या धक्क्यांच्या ऊर्जेशी या बलांची बरोबरी होऊ शकते. त्यामुळे थोडी उष्णता, चिमूटभर मीठ किंवा दोन थेंब लिंबाचा रस एवढ्यानेही पदार्थाचे सारे रूप पालटते. दगडावर लिंबू पिळून त्याचा दगडपणा जात नाही. दुधात पिळले तर दूध काही क्षणांत दूध राहत नाही.

ओढणारे आणि लोटणारे

दोन कण अगदी जवळ आले की त्यांच्यात आकर्षण जाणवते. काही आकर्षण सर्वच पदार्थांच्या कणांमध्ये असते, तर काही वेळा पाण्याचे वावडे असलेले भाग पाण्यापासून अंग चोरण्यासाठी एकमेकांना चिकटतात. या आकर्षणाचा हात आखूड असतो. कण थोडे दूर गेले की ते संपते. उलट कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असेल तर ते एकमेकांना दूर लोटतात. या प्रतिकर्षणाचा हात तुलनेने लांब असतो. सोव्हिएत रशियातील डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये, तर नेदरलँड्समधील फेर्वे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये या दोन बलांचा हिशेब एकत्र मांडला. कलिले टिकतात का आणि फुटतात का, याचे आजचे प्राथमिक स्पष्टीकरण त्या चौघांच्या सिद्धांतावर उभे आहे.

नुसते आकर्षण असते, तर सगळे कण एका गोळ्यात जमा होऊन तळाशी बसले असते. नुसते प्रतिकर्षण असते, तर ते कायम एकेकटे फिरत राहिले असते. दोन्ही बले एकाच वेळी आणि वेगवेगळ्या अंतरांवर काम करू लागली, की तिसरीच गोष्ट घडते. कण एकत्र येतात, पण ठरावीक आकारापर्यंतच.

त्याचे कारण सोपे आहे. समजा, काही कणांचा एक लहान घोळका तयार झाला. नव्याने येणाऱ्या कणाला आकर्षण जाणवते ते घोळक्याच्या पृष्ठभागावरील दोन-चार शेजाऱ्यांचेच, कारण आकर्षणाचा हात त्यापलीकडे पोहोचत नाही. प्रतिकर्षण मात्र घोळक्यातील जवळजवळ प्रत्येक कणाकडून जाणवते. घोळका जसजसा मोठा होतो, तसतसे आकर्षण तेवढेच राहते आणि प्रतिकर्षण वाढत जाते. एका टप्प्यावर दोन्ही बरोबरीला येतात आणि घोळक्याची वाढ थांबते. कुणी मोजून दिलेले नसते, कुणी साचा ठेवलेला नसतो; तरीही साधारण एकाच मापाचे घोळके आपोआप तयार होतात. याला शास्त्रज्ञ ‘स्वयंरचना’ म्हणतात. कणांचे प्रमाण वाढवले, तर काही परिस्थितींत घोळक्यांच्या जागी पट्टे किंवा थरही उमटतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात आढळणाऱ्या लायसोझाइम या प्रथिनाच्या द्रावणात, तसेच कृत्रिम कणांच्या कलिलात असे स्थिर घोळके दिसल्याचे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि या विषयाला वेग आला. निसर्गाने मात्र हा प्रयोग गाईच्या कासेत केव्हाच यशस्वी केलेला आहे.

दुधातील गोळे

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, दुग्धशर्करा, क्षार आणि प्रथिने असतात. प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के वाटा केसीन या प्रथिनगटाचा असतो. केसीनचे रेणू दुधात एकेकटे फिरत नाहीत. हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचे गोलसर पुंजके बनतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘मिसेल’ म्हणतात. त्यांचा व्यास साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर, सरासरी १५० ते २०० नॅनोमीटर असतो; म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा. दुधाच्या एका थेंबात असे अब्जावधी गोळे असतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, म्हणूनच साय आणि लोणी पूर्णपणे काढून घेतलेले दूधही पांढरेच दिसते.

हे गोळे बनतात कसे, यावर संशोधकांनी वेगवेगळी चित्रे मांडली आहेत आणि गोळ्याच्या अंतर्गत रचनेबाबत अजूनही त्यांचे एकमत नाही. स्कॉटलंडमधील डेव्हिड हॉर्न यांनी १९९८ मध्ये मांडलेले चित्र मात्र या रस्सीखेचीचे उत्तम उदाहरण आहे. त्यांच्या मते केसीनच्या रेणूंमधील पाण्याचे वावडे असलेले भाग एकमेकांना ओढतात, तर विद्युतभार असलेले भाग एकमेकांना लोटतात. दुधातील कॅल्शियम फॉस्फेटचे काही नॅनोमीटर आकाराचे सूक्ष्म कण या भारित भागांना सांधतात. त्यामुळे प्रतिकर्षण कमी होते आणि गोळा वाढू लागतो. ही वाढ रोखण्याचे काम कापा-केसीन या चौथ्या भावंडाकडे असते. त्याचे एक टोक गोळ्याला चिकटते, पण दुसऱ्या टोकाला पुढच्या रेणूला धरण्याची सोयच नसते. ते टोक पाण्यात मोकळे हलत राहते. अशा असंख्य टोकांमुळे गोळ्याभोवती मऊ केसांचा थर तयार होतो. दोन गोळे जवळ आले, की हे केस आणि त्यांच्यावरील ऋणभार त्यांना एकमेकांना भिडू देत नाहीत.

या व्यवस्थेचा लाभ वासराला होतो. एवढे कॅल्शियम आणि फॉस्फेट साध्या पाण्यात विरघळवू गेल्यास त्याचा खडूसारखा साका बसला असता. गोळ्यांच्या पोटात बांधून ठेवल्यामुळे ते द्रवरूपात वाहू शकते. वासराच्या जठरात गेल्यावर हेच दूध घट्ट होते आणि सावकाश पचते. प्रवासात पातळ राहायचे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर घट्ट व्हायचे, ही दुधाची दुहेरी गरज कणांच्या या तोलामुळे भागते.

दही, पनीर आणि चीज

स्वयंपाकघरात आणि डेअरीत आपण हा तोल तीन निरनिराळ्या मार्गांनी मोडतो. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ च्या आसपास असतो. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की गोळ्यांवरील ऋणभार कमी होत जातो आणि सामू ४.६ च्या सुमारास तो जवळजवळ शून्यावर येतो. लोटणारे बल गेले, ओढणारे राहिले. गोळे एकमेकांना हळूहळू धरतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत पाणी अडकून राहते. तेच आपले दही. हे काम सावकाश झाले तर कवडी दही लागते. पनीरसाठी गरम दुधात एकदम आम्ल घातले जाते, तेव्हा जाळी विणायला वेळ मिळत नाही. गोळे घाईने गुठळ्या करतात आणि पाणी बाहेर पडते.

चीजसाठी आम्लाऐवजी विकराचा वापर होतो. हा विकर कापा-केसीनचे पाण्यात तरंगणारे टोक कापून टाकतो. जणू गोळ्यांची हजामतच होते. बहुतेक केस निघून गेले, की सामू फारसा न बदलताही दूध गोठते. श्रीरामपूरजवळील प्रभात डेअरीचा दुग्धव्यवसाय २०१९ मध्ये लॅक्टॅलिस या फ्रेंच उद्योगसमूहाने विकत घेतला. चीज बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. नगरच्या दुधाला फ्रान्सपर्यंत नेऊन जोडणारा धागा केसीनच्या या गोळ्यांतूनच जातो.

थंडीचाही या तोलावर परिणाम होतो. पाण्याच्या वावड्यातून निर्माण होणारे आकर्षण कमी तापमानाला क्षीण होते. त्यामुळे दूध ४ अंशांवर ठेवले असता केसीनचे काही रेणू गोळ्यांतून निसटून पाण्यात येतात आणि दूध पुन्हा तापवल्यावर माघारी जातात. अगदी थंड दुधात सावधपणे आम्ल मिसळले तर सामू ४.६ पर्यंत उतरूनही ते पातळच राहू शकते. तापवू लागताच मात्र ते गोठते. आकर्षण आणि प्रतिकर्षण यांपैकी कोणाचे पारडे जड, हे तापमानानुसार कसे बदलते याचे हे बोलके उदाहरण.

संकलन केंद्रावरील निकाल

राज्यात गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ या प्रतीला धरून ठरतो. केसीन या स्निग्धेतर घनपदार्थांत येते. या दराने जिल्ह्यातील राजकारण आणि अर्थकारण अनेकदा ढवळून काढले आहे. जून २०१७ मधील शेतकरी संपाची ठिणगी राहाता तालुक्यातील पुणतांबे येथे पडली आणि मुंबई-पुण्याच्या ग्राहकांनी दूध रस्त्यावर ओतले जाताना पाहिले. २०२४ मध्ये दर कोसळल्यावर राज्य सरकारला प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. एवढ्या काठावर चालणाऱ्या धंद्यात दूध नाकारले जाणे ही मोठी गोष्ट असते.

नाकारण्यापूर्वी केंद्रावर दोन सोप्या चाचण्या होतात. पहिली दूध उकळून पाहण्याची. दुधात आम्ल वाढू लागले असेल, तर ते थंड असताना चांगले दिसते. पण उष्णतेने आकर्षण वाढताच उरलेसुरले प्रतिकर्षण अपुरे पडते आणि दूध फुटते. दुसरी चाचणी अल्कोहोलची. समान प्रमाणात दूध आणि ठरावीक तीव्रतेचे अल्कोहोल मिसळले जाते. अल्कोहोलमुळे गोळ्यांवरील केसांचा थर आक्रसतो. दूध सुदृढ असेल तर ते तग धरते, नसेल तर लगेच कणी दिसते. आम्लतेखेरीज दगडी झालेल्या गाईचे दूध, नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक किंवा क्षारांचे बिघडलेले प्रमाण यांमुळेही दूध या चाचणीत नापास होऊ शकते. त्यामुळे निष्काळजीपणा नसतानाही शेतकऱ्याला फटका बसतो आणि केंद्रचालकाशी खटके उडतात. नापास झालेले दूध नेहमीच आंबलेले असते असे नाही, एवढे दोन्ही बाजूंनी लक्षात घेतले तरी गाईची वेळीच तपासणी होऊ शकते.

याच ठिकाणी भेसळीची वाटही फुटते. आंबू लागलेल्या दुधात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा घातला, तर आम्ल नाहीसे होते, गोळ्यांवरील विद्युतभार परत येतो आणि दूध उकळले तरी फुटत नाही. चाचणीने जो तोल तपासायचा, तोच कृत्रिमरीत्या सावरला जातो. मात्र आम्ल ज्या जिवाणूंनी तयार केले ते जिवाणू, त्यांचे विकर आणि काहींनी सोडलेली विषद्रव्ये दुधातच राहतात. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार असे पदार्थ दुधात घालण्यास मनाई आहे. रोझॉलिक आम्लाच्या चाचणीत सोडा मिसळलेले दूध गुलाबी-लाल होते, त्यामुळे ही लबाडी पकडता येते. दूध न फुटणे म्हणजे दूध चांगले असणे, हा शहरी ग्राहकांचा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

कालव्याकाठची जमीन

दुधातून सोडा दूर ठेवावा लागतो. जमिनीतही तो शत्रूच ठरतो. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रफळाचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ मध्ये त्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत येतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. ओझर येथील बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी कोरडवाहू काळी जमीन ओलिताखाली आणली. पुढे उसाचे क्षेत्र वाढले आणि लोणी येथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो.

पाण्याबरोबर संकटही आले. भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मंद असतो. वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले की भूजलाची पातळी वर येते. ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. दख्खनच्या कालव्यांना हा अनुभव नवा नव्हता. शेजारच्या नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध झाला होता. पण इशारा आणि उसाचा पैसा यांत पैशाचे पारडे नेहमीच जड राहिले.

काळ्या मातीचे चिकण कण म्हणजे अत्यंत पातळ पत्रे. एकेका पत्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, लांबी-रुंदी त्याच्या शेकडो पट. पत्र्यांच्या सपाट बाजूंवर कायमचा ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटतात. या भाराकडे पाण्यातील धनभारित आयन ओढले जातात आणि पत्र्यांभोवती आयनांचे वेष्टन तयार होते. ते आयन कोणते, यावर जमिनीचे भवितव्य ठरते.

कॅल्शियमच्या आयनावर दुहेरी भार असतो. तो पत्र्याला घट्ट बिलगतो, वेष्टन पातळ राहते आणि पत्रे एकमेकांच्या इतके जवळ येतात, की आकर्षणाची सरशी होते. चार ते नऊ पत्र्यांच्या लहान चळती तयार होतात, त्या एकमेकींना जोडल्या जाऊन रवाळ माती बनते. रव्यांच्या फटींतून पाणी झिरपते, हवा खेळते, मुळे उतरतात. वाफसा म्हणतात तो या फटींमुळे. सोडियमच्या आयनावर एकेरी भार असतो. तो पत्र्याला सैल धरतो, वेष्टन जाड होते आणि पत्रे दूर लोटले जातात. चळती मोडतात, सुटे पत्रे पाण्याबरोबर वाहून फटींत बसतात आणि जमिनीची छिद्रे बुजतात. पाऊस पडला की गढूळ पाणी दिवसेंदिवस साचून राहते, ऊन पडले की दगडासारखी ढेकळे आणि रुंद भेगा. मातीच्या कणांवरील विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला, की कृषिशास्त्र त्या जमिनीला चोपण ठरवते.

नुसते पाणी सोडण्याचा धोका

या रस्सीखेचीची सर्वांत फसवी बाजू खारवट जमिनीत दिसते. विद्राव्य क्षार भरपूर असलेली जमीन पिकाला मारक असते. पण तिची घडण बिघडलेली नसते. क्षारांच्या गर्दीमुळे पत्र्यांवरील भार झाकला जातो, वेष्टन आक्रसते आणि सोडियम असूनही कण एकत्र राहतात. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो, तरी पाणी मुरत असते. मीठ धुऊन काढावे म्हणून शेतकरी अशा रानात चांगले पाणी भरतो किंवा मुसळधार पाऊस ते काम करतो. विद्राव्य क्षार निघून जातात, पत्र्यांना बिलगलेला सोडियम मात्र मागे राहतो. झाकलेला भार उघडा पडतो, प्रतिकर्षण उसळी घेते आणि माती विखुरते. खारवट जमीन सुधारण्याच्या प्रयत्नात चोपण होऊन बसते, आणि मग पाणी मुरतच नसल्याने धुण्याचा मार्गही बंद होतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चर काढून निचऱ्याची सोय, मग जिप्सम आणि त्यानंतर पाणी. जिप्सममधील कॅल्शियम पत्र्यांवरील सोडियमची जागा घेते. सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर चरातून बाहेर जाते. जिल्ह्यातील अनेक काळ्या जमिनींत चुनखडी असते, म्हणजे कॅल्शियम असतेच. पण वाढलेल्या सामूला ते विरघळत नाही. घरात धान्य असून कोठाराला कुलूप, अशी ही अवस्था. तेथे गंधक, शेणखत, ताग किंवा धैंचाचे हिरवळीचे खत उपयोगी पडते. त्यातून निर्माण होणारी आम्ले चुनखडीतील कॅल्शियम मोकळे करतात. कोणत्या जमिनीला काय आणि किती द्यायचे, हे माती परीक्षणावरूनच ठरवावे लागते. १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणीही तपासायला हवे. पाण्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त असेल, तर ते जमिनीतील कॅल्शियम पुन्हा चुनखडीत अडकवते.

प्राथमिक अंदाज घेण्यासाठी काचेचा पेला पुरतो. मातीचे वाळलेले लहान ढेकूळ पेल्यातील पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात न हलवता ठेवावे. ते फुटून तुकडे पडले, पण पाणी स्वच्छ राहिले, तर काळजीचे कारण कमी. ढेकळाभोवती दुधट ढग पसरत गेला, तर सोडियमने पत्रे सुटे केले आहेत असे समजावे आणि रीतसर परीक्षण करून घ्यावे.

कारखान्यातून पुन्हा शेतात

साखर कारखान्यांतही हेच शास्त्र रोज वापरले जाते. उसाचा ताजा रस गढूळ असतो. त्यातील मेण, प्रथिने आणि मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असल्याने ते आपोआप खाली बसत नाहीत. रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड सोडून तो तापवला, की कॅल्शियमचे अविद्राव्य क्षार तयार होतात आणि हे कण त्यांना चिकटून तळाशी जातात. गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस काकवीपूर्वीच्या कढईत टाकतात, तोही याच कामासाठी. रसातील लांबलचक रेणू कणांना दोरीसारखे गुंफतात आणि मळी वर येते. कारखान्यात निघालेला गाळ, म्हणजे प्रेसमड, कुजवून शेतात घातला जातो. त्यातील कॅल्शियम, गंधक आणि सेंद्रिय पदार्थ चोपण जमिनीच्या उपयोगी पडतात. उसाच्या पाण्याने बिघडवलेली जमीन सावरण्यासाठी उसाच्या रसातून निघालेला गाळ मदतीला येतो.

औषध शरीरात नेमक्या जागी पोहोचवणाऱ्या सूक्ष्म कुप्या, न गळणारे रंग, आपोआप रचना धारण करणारी नवी द्रव्ये यांसाठी जगभरातील प्रयोगशाळा आज कणांमधील आकर्षण-प्रतिकर्षणाचा तोल हवा तसा जुळवण्याच्या खटपटीत आहेत. अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला तो तोल जुळवायचा नाही, टिकवायचा आहे. दुधात तो ढळला, तर एका वेळचे नुकसान होते आणि उद्याची धार पुन्हा मिळते. जमिनीत ढळला, तर चर, जिप्सम आणि हिरवळीची खते यांवर अनेक हंगाम खर्च होतात. कालव्याचे आवर्तन सुटल्यावर पाटाचे पाणी रात्रभर मोकाट सोडायचे, की मोजून द्यायचे, याचा निर्णय म्हणूनच केवळ पाणीबचतीचा उरत नाही. मातीचे ते नॅनोमीटर जाडीचे पत्रे पुढच्या पिढीसाठी एकमेकांना धरून राहतील की नाही, हेही त्यावर ठरते.